तिसरा परिच्छेद

पत्र शनिवारी आलं, पण उघडलं गेलं रविवारी, दुपारची जेवणं उरकल्यावर. हा आईचा हट्ट. दोन वर्षं ज्या कागदाकडे डोळे लावून बसलो तो असा येता-जाता, जिन्यात उभं राहून फोडायचा नाही, सगळे एका जागी बसू द्या, मग फोडा, असं तिनं बजावलं आणि पाकीट स्वतःच्या कपाटात, ठेवणीतल्या कपड्यांखाली ठेवून किल्ली कमरेला लावली. धाकट्या मुलानं एक-दोनदा हसत हसत मागून पाहिलं. "उद्या," एवढंच उत्तर मिळालं. पुढे कितीतरी दिवस त्याच्या मनात येत राहिलं, की आईनं शनिवारीच पाकीट दिलं असतं तर त्यानं ते एकट्यानं वाचलं असतं, काय चिडायचं-रडायचं ते एकट्यानं उरकलं असतं, आणि रविवारी शहाण्यासारखा माणसांत येऊन बसला असता. पण हे सगळं मागाहूनचं.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बैठकीच्या खोलीत सातजण जमले. बापू खिडकीजवळच्या खुर्चीत, उजवा कान खोलीकडे करून, कारण डावा आता जवळजवळ गेलाच होता. आई पलंगाच्या कडेला. ताई आणि भाऊजी सतरंजीवर, त्यांची नऊ वर्षांची चिमी दोघांच्या मध्ये आडवी पसरलेली. भाऊजी शाळेचे गणवेश शिवायचे. दिवसभर मशीनच्या आवाजात बसून त्यांना न बोलण्याची इतकी सवय झाली होती की सलग चार वाक्यं बोलले तर घरात बातमी व्हायची. धाकटी, म्हणजे धाकट्याची बायको, सगळ्यांना पाणी देत होती. औषधांच्या कारखान्यातली तपासणीची नोकरी तिनं महिन्यापूर्वीच सोडली होती. निघायचं कधीही ठरेल, ऐन वेळी धावपळ नको, म्हणून.

निघायचं ते पेटी घेऊन. आणि पेटी निघाली होती बापूंच्या कानातून.

बापूंनी छत्तीस वर्षं पाणीखात्यात गळती शोधली. पहाटे रस्ते शांत असताना लोखंडी सळईचं एक टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं, दुसऱ्या टोकाची लाकडी वाटी कानाला लावायची, आणि जमिनीखाली नळ कुठे फुटलाय ते सांगायचं. ते खूण करतील तिथे खणलं की पाणी लागायचंच. ताई कान तपासण्याच्या केंद्रात कामाला होती. रोज पंचवीस-तीस लोकांना हेडफोन लावून कुठला आवाज ऐकू येतो, कुठला नाही, ते टिपून घ्यायची. बापूंचे कान तिनंच तपासले आणि आलेख बघून मुकाट्यानं घरी येऊन बसली. बारीक आवाज एकेक करून चालले होते. कान जायच्या आत कानातलं काढून ठेवायचं, असं तिनं ठरवलं. पुढची तीन वर्षं ती पहाटे बापूंच्या मागे हिंडली. चार हजारांवर आवाज तिनं साठवले, प्रत्येकाशेजारी बापूंचं म्हणणं लिहिलं, आणि त्यातून जेवणाच्या डब्याएवढी ती पेटी तयार केली. व्हॉल्व्हला चिकटवली की गळती किती पावलांवर आहे ते पेटी सांगायची.

यातून धंदा उभा राहू शकतो हे मात्र धाकट्याला दिसलं. तो तेव्हा पाण्याचे पंप विकत होता आणि बोलण्यात कुणाला हार जात नव्हता. दोन गावांच्या पाणीखात्यांत साहेबांच्या केबिनबाहेर त्यानं बाकं झिजवली, पेटी लावून दाखवली, कंपनी नोंदवली. वाहवा झाली, पण चाचणीच्या पुढे गाडी सरकेना. मग त्याला एका परदेशातली योजना सापडली. नवा धंदा घेऊन या, आमच्या निवड मंडळाला पटला तर आमच्या देशात राहा आणि तो चालवा. तिकडचे नळ शंभर वर्षांचे जुने, पाण्याची नासाडी बेसुमार. धाकट्याला रात्रंदिवस दुसरं काही सुचेना. त्यानं आणि धाकटीनं दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गाला बसून तिकडची भाषा शिकून घेतली. ताईला ते जमलं नाही. तिचं केंद्रच सातला सुटायचं. घरात सगळ्यांनी धरून चाललेलं होतं ते असं, की धाकटा-धाकटी कायमचे जातील, ताई सहा-आठ महिने सोबत जाऊन पेटी तिकडच्या नळांवर बसवून देईल, आणि परत येईल.

मुलाखत चार महिन्यांपूर्वी पडद्यावर झाली होती. पलीकडे तिघे परीक्षक, अलीकडे धाकटा आणि ताई. सुरुवातीला धाकटाच बोलला. बाजारपेठ, पाच वर्षांचा आराखडा, किती माणसांना काम मिळेल. परीक्षक सभ्यपणे माना हलवत होते. मग त्यांतल्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरनं विचारलं, की चालू मीटरची घरघर आणि गळतीची सळसळ पेटीला वेगळी कशी ओळखू येते. धाकट्यानं प्रश्न ताईला सांगितला. ताईनं उत्तर देण्याऐवजी दोन आवाज वाजवून दाखवले, मग तिसरा, ज्यानं बापूंनाही एकदा चकवलं होतं. पाऊण तासाची मुलाखत अडीच तास चालली. धाकटा मध्ये बसून तिचं एकेक वाक्य पलीकडे पोचवत राहिला, अगदी इमानानं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. बाहेर पडल्यावर त्यानं तिच्या पाठीत थाप मारली होती. त्या दिवशी तो मनापासून खूश होता.

आईनं पाकीट आणून त्याच्या हातात दिलं. आत एकच कागद, तीन परिच्छेद, खाली शिक्का. फोनपुढे धरला असता तर फोननंही तो वाचून दाखवला असता. पण धाकटा समोर बसलेला असताना ते कुणाच्या डोक्यात येणार होतं?

"मोठ्यानं वाच," आई म्हणाली. "यांनाही ऐकू जाऊ दे."

तो वाचत गेला आणि आपल्या भाषेत सांगत गेला. प्रकल्प मंडळाला पसंत पडला आहे. पहिल्या अर्जदार बाईंची संस्थापक म्हणून शिफारस करण्यात येत आहे. अर्जात ताईचं नाव पहिलं त्यानंच घातलं होतं. पेटी तिची आहे हे नाकारण्याइतका तो हलक्या मनाचा नव्हता, निदान तोवर तरी. आईनं डोळ्यांना पदर लावला. चिमी उठून बसली. धाकट्याच्या तोंडावर हसू होतं आणि ते तसंच असताना तो दुसऱ्या परिच्छेदात शिरला.

"दुसऱ्या अर्जदारांचं काम," तो म्हणाला, "उपयुक्त आहे, परंतु अत्यावश्यक नाही. त्यामुळे त्यांचा अर्ज स्वीकारता येत नाही."

वाक्य तोंडातून निघून गेल्यावर त्याला त्याचा अर्थ लागला. वर्गात शिकवताना बाई सांगायच्या तसा, आधी क्रियापद, मग कर्ता, मग अर्थ. दुसरा अर्जदार म्हणजे तो.

मग आईनं हळूच विचारलं, की नावं उलटीपालटी तर झाली नसतील. कचेऱ्यांत काय, एकाचं दुसऱ्याला चिकटवतात. धाकट्यानं नकारार्थी मान हलवली. बापूंना काहीच ऐकू गेलं नव्हतं, ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी ताई उठली, त्यांच्या उजव्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "मला बोलावलंय, बापू. त्याला नाही." हे इतक्या मोठ्यानं म्हणावं लागलं की खालच्या मजल्यावरचा भांड्यांचा आवाज थांबला.

बापूंनी धाकट्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग ताईला म्हणाले, "मग जा."

आईला हे झेपलं नाही. तयारी त्याची, भाषा त्याची, सुनेनं लागलेली नोकरी सोडली, सगळ्या नात्यागोत्याला सांगून झालं की मुलगा चाललाय. आता लेकीनं एकटीनं तिकडे जाऊन करायचं काय? तिचा संसार इथे आहे. ती बोलत राहिली आणि बोलता बोलता धाकट्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जणू तो तापानं पडलाय. तो हात त्याला सहन होईना आणि दूरही करवेना. बापू पुन्हा म्हणाले, "कान तिचा आहे. मी सळई खात्यात जमा केली तेव्हा वाटलं होतं, आपलं संपलं. ती म्हणाली, संपलेलं नाही. तिला पाठवा."

बापूंनी आपल्याबद्दल असं कधी काही म्हटलंय का, ते धाकटा आठवू लागला. आठवेना.

डोळे मात्र तिसऱ्या परिच्छेदावर होते. नियमांची भाषा होती, पण दोन वर्षं त्यानं तीच घोकली होती. शिफारस झालेल्या संस्थापकाला जोडीदार आणि मुलांसह येता येईल. भाषा येत नसल्यास पहिलं वर्षभर मंडळ दुभाषा पुरवेल, तसंच धंद्यातला एक अनुभवी मार्गदर्शकही देईल. वर्षानंतर संस्थापकाला आपल्या कंपनीसाठी गरजेची माणसं बोलावून घेता येतील. होकार नव्वद दिवसांत कळवावा. न कळवल्यास शिफारस रद्द होईल, आणि दुसऱ्या अर्जदारानं फेरविचार मागितला तरी ही मुदत वाढणार नाही.

म्हणजे त्याच्या जागी दुभाषा मिळत होता. त्याच्या जागी मार्गदर्शक मिळत होता. आणि वर्षभरानं, बहिणीनं बोलावलं तर, त्यालाही जाता येणार होतं, तिच्या हाताखाली, गरजेचा माणूस म्हणून.

एवढ्यात भाऊजींनी घसा खाकरला. "माझं मशीन मी कुठेही मांडीन," ते म्हणाले. "पोरं तिकडेही शाळेत जातच असतील. चिमीला भाषा आपल्या आधी येईल. माझी काही अडचण नाही."

बरोबर चार वाक्यं झाली. ताई वळून नवऱ्याकडे बघत राहिली. तिचा तो चेहरा धाकट्यानं फार वर्षांत पाहिला नव्हता. शाळेत असताना विज्ञानाच्या स्पर्धेसाठी परगावी जायची परवानगी मिळाली, त्या दिवशी तिचा चेहरा असा झाला होता. तेव्हा धाकटा सात वर्षांचा होता आणि तिची पिशवी त्यानं स्टँडपर्यंत उचलून नेली होती.

ती त्याच्याकडे वळली. "यांना आणि चिमीला नेता येईल का रे? आणि भाषेचं काय? मला तर तिथलं 'या, बसा' पण येत नाही. पुढे काही लिहिलंय का त्याचं?"

धाकट्यानं कागदाची घडी घातली.

"नाही," तो म्हणाला. "त्याचं काही लिहिलेलं नाही. नियम फार कडक आहेत त्यांचे. एकट्यालाच बोलावतात, असं दिसतंय."

इतक्या साध्या आवाजात तो हे बोलला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. दुसरा परिच्छेद, स्वतःची नाचक्की, त्यानं जशीच्या तशी वाचून दाखवली होती. तसा माणूस लगेच पुढच्याच ओळीला खोटं बोलेल अशी शंका कुणाला येणार? मनात काही फार मोठं कपट होतं असंही नाही. फेरविचाराचा अर्ज करू, दोघांचं मिळून होईल, मग सांगू, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं. महिना-दोन महिन्यांचा तर प्रश्न.

ताईनं चिमीच्या केसांतून हात फिरवला. चेहरा हळूहळू नेहमीसारखा झाला. "मग राहू दे," ती म्हणाली. "पोरीला टाकून मी काही जायची नाही. आणि तुझ्याशिवाय मी तिथे कुणाशी बोलणार?"

"तेच म्हणते मी," आई म्हणाली, आणि चहाचं बघायला उठली. बापूंना कुणी मोठ्यानं काही सांगितलं नाही. ते खिडकीबाहेर बघत बसले.

धाकटी इतका वेळ त्याच्या खुर्चीमागे पाण्याचा तांब्या हातात धरून उभी होती. संध्याकाळच्या वर्गात ती त्याच्या शेजारीच बसायची आणि तिला गुण त्याच्यापेक्षा जास्त असायचे. ताईकडची मंडळी गेल्यावर गच्चीवर कपडे काढताना ती म्हणाली, "मी वाचलाय तो. शेवटपर्यंत."

त्यानं समजावायला सुरुवात केली: फेरविचार, दोघांचं मिळून, थोडाच वेळ. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझीही नोकरी गेलीय. मलाही जायचं होतं. म्हणून मघाशी माझं तोंड उघडलं नाही. पण तू सांग तिला."

"सांगतो," तो म्हणाला. आणि तो सांगेल असं तिनं धरून चालायचं ठरवलं, कारण तिलाही ते सोयीचं होतं.

फेरविचाराच्या अर्जाला जोडायला म्हणून ताईनं आपण होऊन एक पत्र सांगितलं. केंद्रातून सुटल्यावर ती थेट त्याच्याकडे आली, खुर्चीवर बसून सांगत गेली आणि तो तिकडच्या भाषेत उतरवत गेला. माझ्या भावानं ही पेटी घराबाहेर काढली. तो नसता तर ती माझ्या कपाटात पडून राहिली असती. मी आवाज ओळखते, पण माणसं तो ओळखतो. "'ओळखतो' बरोबर लिहिलंस ना?" तिनं विचारलं. त्यानं लिहिलं होतं. त्या पत्रातही त्यानं एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

तीन आठवड्यांनी धीर गोळा करून तो तिच्या केंद्रात गेला. बाहेरच्या बाकावर कान तपासायला आलेली माणसं बसली होती. काचेच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ हेडफोन लावून बसले होते आणि आवाज ऐकू आला की बोट वर करत होते. ऐकू आला नाही तरी करत होते. ताईच्या ते लक्षात आलं होतं, पण ती त्यांना टोकत नव्हती. नुसती थांबून पुन्हा आवाज सोडत होती. काम आटोपून ती बाहेर आली. त्यानं नुसतं "ताई, त्या पत्राबद्दल" एवढंच म्हटलं, तर तिला वाटलं तो अजून दुसऱ्या परिच्छेदातच अडकलाय. तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस. मी काय ठरवायचं ते ठरवून मोकळी झाले. दुसऱ्या कुणी वाचून दाखवलं असतं ना, तर मनात राहिलं असतं, की नीट वाचलं की नाही. तू वाचलंस, प्रश्न मिटला."

तो चहा पिऊन परत आला.

फेरविचाराचं उत्तर शहाऐंशीव्या दिवशी आलं. दोनच ओळी होत्या. पूर्वीचा निर्णय कायम. आणि खाली, बहुधा कुणा भल्या कारकुनानं आपण होऊन जोडलेलं एक वाक्य: पहिल्या अर्जदारांच्या होकाराची आम्ही अजून वाट पाहत आहोत.

या वेळी पाकीट आईच्या हाती पडलं नव्हतं. धाकट्यानं ते जिन्यात उभं राहून फोडलं, वाचलं आणि पँटच्या खिशात घातलं. चार दिवस उरले होते. पहिल्या दिवशी तो ताईकडे जायला निघाला आणि कोपऱ्यावरून परत फिरला. दुसऱ्या दिवशी गेला, तर भाऊजी चिमीच्या नव्या गणवेशाचं माप घेत होते, आणि पोर हात पसरून उभी होती. त्यानं बसून माप घेणं पाहिलं. तिसऱ्या दिवशी धाकटीनं विचारलं, उत्तर आलं का? तो म्हणाला, अजून नाही. चौथ्या दिवशी तो घरातच थांबला. पडून राहिला. दिवस मावळेपर्यंत वेळ होता, एक फोन पुरला असता, एक ओळ पुरली असती. त्या रविवारी तो दुखावलेला होता, चारचौघांत तोंडावर पडलेला होता. त्याचं काहीतरी समर्थन तो स्वतःशी करू शकत होता. या चार दिवसांचं त्याला कधीच करता आलं नाही. त्या दिवसांत त्याला कुणी काही बोललं नव्हतं. फक्त बहीण जाऊ नये एवढंच त्याला वाटत होतं.

एक्क्याण्णवाव्या दिवशी त्यानं घरात सांगितलं की फेरविचार नामंजूर झाला. आईनं त्या कचेरीला चार शब्द सुनावले. ताई म्हणाली, चला, एक तरी वाट पाहणं संपलं. धाकटीनं तारीख मोजली असावी. दुसऱ्या आठवड्यात तिनं जुन्या कारखान्यात अर्ज केला, तिथे जागा भरली होती, मग दुसरीकडे कमी हुद्द्यावर लागली. नवरा-बायकोत भांडण झालं नाही. त्यांचं बोलणं मात्र घरातल्या कामांपुरतं उरलं, आणि कधी काळी गंमत म्हणून दोघं तिकडच्या भाषेत कुजबुजायची ते बंद झालं.

इथल्या एका पाणीखात्यानं पुढे पेटी घेतली. एकाच गावापुरती, पण घेतली. बापूंचा उजवा कानही त्या वर्षात गेला. ताई केंद्र सांभाळून आठवड्यातून दोन दिवस पहाटे फिरायची, धाकटा तिच्याबरोबर. पेटी उचलायची, झाकण उघडायचं, तिनं सांगितलेल्या जागी खडूनं खूण करायची. पंप विकणाऱ्या जुन्या मित्रांना तो सांगायचा, कंपनी चालवतो.

अशाच एका सकाळी, पत्राला दीड वर्ष होऊन गेल्यावर, दोघं एका शाळेमागच्या गल्लीत व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी उकिडवी बसली होती. पेटी एक सांगत होती आणि ताईला दुसरंच वाटत होतं, म्हणून तिनं हेडफोन लावला होता. डोळे मिटलेले. चिमी आता तिकडची भाषा शिकायची म्हणत होती, मामाला विचारते म्हणाली होती. हे ताईनं येताना वाटेत सहज सांगितलं होतं. धाकटा तिच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "ताई, त्या पत्रात तिसरा परिच्छेद होता. तुला सगळ्यांना घेऊन जाता आलं असतं."

तिला ऐकू गेलं नाही. तोंड हललेलं तेवढं जाणवलं असावं. तिनं एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. "काय म्हणालास?"

मग त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा ते फार जड गेलं.

ताई हलली नाही. रस्त्यावरून एक सायकल गेली. ती पूर्ण जाईपर्यंत ताई थांबली, कामात थांबायची तशी. मग म्हणाली, "काय होतं त्यात? वाच."

"कागद आत्ता नाही माझ्याकडे."

"पाठ असेल तुला."

पाठ होता. त्यानं खाली बघत सगळा सांगितला. जोडीदार आणि मुलं. दुभाषा. मार्गदर्शक. वर्षानंतर गरजेची माणसं. नव्वद दिवस. एकेक वाक्य करून, मुलाखतीला सांगितलं होतं तसं, काही न गाळता, काही न घालता. मग उत्तर शहाऐंशीव्या दिवशी आलं होतं, तेही सांगितलं. आणि ते वाट पाहताहेत असं त्यात लिहिलं होतं, हेही.

"म्हणजे चार दिवस होते," ती म्हणाली.

"हो."

"त्यातल्या एका दिवशी तू आमच्याकडे आला होतास. चिमीच्या मापाच्या वेळी."

"हो."

ती चिडेल, रडेल, निदान का म्हणून विचारेल, याची त्यानं दीड वर्ष तयारी केली होती. उत्तरंही होती. तिनं विचारलं नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिली, आणि ते बघणं ओळखीचं नव्हतं. काचेपलीकडच्या माणसानं बोट वर केलं की खरंच ऐकू आलं का, हे पाहताना ती तशी बघायची.

"पहिल्यांदा वाचलंस तेव्हाही इतकंच छान वाचलं होतंस," ती म्हणाली.

मग तिनं हेडफोन पुन्हा कानावर ओढला आणि डोळे मिटले. त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिनं न बघताच हात वर केला.

"आता बोलू नकोस. मला ऐकू येत नाही."

शाळेच्या भिंतीवर ऊन चढेपर्यंत ती तशीच बसून होती. शेवटी उठली, गल्लीतून मोजून बावीस पावलं चालत गेली आणि पायानं जागा दाखवली. धाकट्यानं वाकून तिथे खडूनं खूण केली. वर पाहिलं तेव्हा ती पेटी स्वतःच खांद्याला लावून पुढच्या व्हॉल्व्हकडे निघाली होती.